फॅट जोडलेले आढळले नाही

सोमवार, १३ मे. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटं. वडवणी तालुक्यातल्या कुसळवाडीच्या नवचेतना दूध उत्पादक सहकारी संस्थेनं सिंधुबाईंचं साडेतीन लिटर दूध परत केलं.

दूध त्याच सकाळचं होतं. लॅक्टोमीटर जिथं थांबायला हवा तिथं थांबला. फॅट मशीननं तीन पूर्णांक नऊ दाखवलं. छावणीत उसाच्या वाढ्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, दिवस काढणाऱ्या गाईकडून याहून जास्त अपेक्षा कुणी करत नव्हतं. तरीही संस्थेचे सचिव कचरू यांनी किटलीला झाकण लावलं, ती सिंधुबाईंकडे परत सरकवली आणि रजिस्टरच्या शेरा रकान्यात लिहिलं: 'फॅट आहे. प्रोटीन आहे. फॅट प्रोटीनला जोडलेले आढळले नाही. सबब परत.'

सिंधुबाईंनी विचारलं, दूध नासलंय का. कचरू न्हाई म्हणाले. पाणी हाय का त्यात. तेही न्हाई.

"मग कमी काय हाय, कचरूभाऊ?"

"कमी काहीच न्हाई, काकू. दोन्ही हाय. पर येगयेगळं हाय."

"मग जोडा की."

"जोडणारा साडेनवाला येतो," कचरू म्हणाले.

दूध नेणारी गाडी आठ वाजता जाते. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर बोलणं झालं नाही.

सिंधुबाईंचं वय पंचावन्नच्या पुढं. सव्वीस वर्षं त्यांनी दर दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन पश्चिमेकडं ऊस तोडला. तीन वर्षांपूर्वी तांबडी गाय दावणीला आली आणि कोयता आढ्याला अडकला, तो तिथंच होता. गाय टिकली तर तो तिथंच राहणार होता. त्या वर्षी गावात चारा नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं, आणि जनावरं टिकत होती ती फक्त संस्थेच्या चारा छावणीत. छावणीचा नियम एका वाक्याचा होता: ज्या सभासदाचं दूध सलग सात दिवस संस्थेत जमा होणार नाही, त्याचं जनावर सातव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता दावणीवरून सोडण्यात येईल. परत केलेलं दूध जमा धरत नाहीत. संध्याकाळचं संकलन दुष्काळामुळं बंद होतं. दुसरी छावणी चकलांब्याकडं होती, ती भरली होती, आणि तिथवर चालत पोहोचण्याएवढी ताकद गाईत नव्हती. उरला वडवणीचा बाजार. मे महिन्यात बाजारात आलेली गाय कोण घेतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं; बोलत कुणी नव्हतं.

सोमवार हा पहिला दिवस धरण्यात आला.

फॅट आणि प्रोटीन सुटे असल्याचा शोध संस्थेला मार्चअखेरीस लागला होता. प्रत्येक दूध संस्थेनं वर्षातून एकदा सभासदांसाठी विज्ञानाचा कार्यक्रम घ्यावा, असा दंडक आहे. वर्ष संपायला चार दिवस उरले असताना तो सगळ्यांना आठवतो. बीडच्या दोन वक्त्यांनी उन्हाचं कारण दिलं. तेव्हा कुणीतरी सांगितलं की नांदूरघाटच्या डॉ. संघमित्रा ओव्हाळ आईच्या, म्हणजे वत्सलाबाईंच्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गावी आल्या आहेत. त्या हैदराबादला एका संशोधन संस्थेत काम करतात. काम काय, तर पेशीत प्रथिनांना चरबीचा तुकडा जोडणाऱ्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, अभ्यास. संस्थेला विषयाशी कर्तव्य नव्हतं, तारखेशी होतं. संघमित्रा एसटीनं आल्या.

वीज गेली होती, म्हणून त्यांनी खडू मागितला आणि चाळीस मिनिटं फळ्यावर समजावून सांगितलं. पेशीच्या आत प्रथिन तयार होतं, पण तयार झालं म्हणजे ते कामाला लागलं असं नाही. अशी कित्येक प्रथिनं आत नुसती तरंगत असतात. पेशीचा काठ चरबीचा असतो, आणि तो चरबी असलेल्यालाच धरून ठेवतो. काठाशी बसून काम करायचं, बाहेरचा निरोप आत पोहोचवायचा, तर आधी प्रथिनाला चरबीचं शेपूट लागतं. ते शेपूट लावण्याचं काम विकर करतात. शेपूट नाही लागलं तर प्रथिन कितीही चांगलं असो, ते आत फिरत राहतं.

सभासदांनी माना डोलावल्या. सहकारात पंचवीस-तीस वर्षं काढलेल्या माणसांना यात नवीन काही नव्हतं.

शेवटी चेअरमन जालिंदरराव यांनी अध्यक्षांना शोभेल असा एक प्रश्न विचारला. दुधात फॅट असतं, प्रोटीनही असतं. ती दोन्ही जोडलेली असतात का? संघमित्रा म्हणाल्या, नाही. दुधात स्निग्धांशाचे थेंब वेगळे असतात, प्रथिनं वेगळी असतात.

"जोडलेली न्हाईत?"

"नाहीत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच नाहीत," संघमित्रा म्हणाल्या. मग चहा झाला.

इथवर सर्व काही नियमित होतं. पुढचं घडलं ते कचरू यांच्या हातून, आणि त्यात त्यांचा दोष काढता येणार नाही, कारण दोष काढणं हेच त्यांचं बावीस वर्षांचं काम होतं. दरवर्षी लेखापरीक्षक येतात आणि काय काय नाही ते लिहून देतात: ठरावावर सूचकाची सही नाही, नोटीस फलकावर लावलेली नाही, वजनकाटा तपासलेला नाही. सचिवानं त्यातलं प्रत्येक 'नाही' वेगळं काढून दोष दुरुस्ती अहवालात लिहायचं आणि समोर दुरुस्ती दाखवायची. बावीस वर्षांत कचरू यांची नजर अशी तयार झाली होती की लग्नपत्रिकेत 'आहेर स्वीकारला जाणार नाही' असं वाचलं तरी त्यांचा हात लाल पेनाकडं जाई. कार्यक्रमाचं इतिवृत्त लिहिताना त्यांना 'नाही' हा शब्द दिसला आणि त्यांनी अहवालात घेतला. 'दोष क्रमांक चौदा: दुधातील फॅट प्रोटीनला जोडलेले नाही. दोषाचा कालावधी: संस्था स्थापनेपासून. दुरुस्ती: जोडून घेण्याची कार्यवाही चालू आहे.'

'कार्यवाही चालू आहे' हे ते प्रत्येक दोषासमोर लिहीत.

अहवाल तालुक्याच्या दूध संघाकडे गेला. तिथं बेचाळीस संस्थांचे अहवाल एकत्र करतात. एकेचाळीस संस्थांनी हा दोष दाखवलेलाच नव्हता. याचे दोन अर्थ निघत होते: एक तर तिथं दोष नव्हता, किंवा त्यांनी तो लपवला होता. दोष मुळात दोषच नसेल, हा तिसरा अर्थ संघाच्या नमुन्यात बसत नव्हता. सर्व संस्थांना पत्र गेलं की आपल्याकडील दुधाचे फॅट प्रोटीनला जोडलेले आहे किंवा कसे, हे उलट टपाली कळवावे. अडतीस संस्थांनी 'जोडलेले आहे' असं कळवलं. तीन संस्थांनी प्रामाणिकपणे 'अंशतः जोडलेले आहे' असं कळवलं. सुटं दूध घालणारी तालुक्यातली एकमेव संस्था कुसळवाडीची ठरली. तिला जोडणीसाठी तेरा मेपर्यंत मुदत मिळाली. त्या तारखेपासून सुटं दूध घ्यायचं नाही, असंही बजावण्यात आलं.

जालिंदरराव यांनी संघमित्रांना फोन लावला आणि संचालक मंडळाला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. कचरू लिहून घेत होते, एक संचालक मोबाइलवर आवाज उतरवून घेत होता. संघमित्रा हैदराबादला परतल्या होत्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की दुधाला याची काही गरज नाही. मधे एकदा सांगितलं. शेवटी पुन्हा सांगितलं. कचरू यांनी तिन्ही वेळा नोंद केली: 'गरजेबाबत तज्ज्ञांचे मत भिन्न आहे.' बाकी प्रश्नांना मात्र त्यांनी नेमकी उत्तरं दिली, कारण नेमकं उत्तर देण्याची त्यांना सवय होती. विकर हे काम कुठं करतात? जिवंत पेशीत. किती तापमानाला? आपल्या शरीरात सदतीस अंशांच्या आसपास. फार वाढलं तर विकर कामातून जातात. आणि काम करून करून विकर संपतो का? नाही, तो काम घडवून आणतो. कामाआधी जसा असतो तसाच कामानंतरही राहतो.

हे शेवटचं वाक्य ऐकून सगळ्या संचालकांनी एकाच वेळी त्रिंबककडं पाहिलं.

त्रिंबक हा जालिंदररावांचा धाकटा मेहुणा. त्याला आजवर पतसंस्थेत, पाणीपुरवठा समितीत आणि एका विवाह मंडळात लावून झालं होतं; प्रत्येक कामाआधी तो जसा होता तसाच कामानंतरही राहिला होता. विकर या पदावर त्याची कंत्राटी नेमणूक एकमतानं झाली. जिवंत असणं आवश्यक असल्यानं त्याच्याकडून हयातीचा दाखला घेण्यात आला. त्याला टेबल, खुर्ची आणि 'जोडले' असा शिक्का मिळाला. दुधाचा नमुना समोर ठेवायचा, त्रिंबकनं तो पाहायचा, आणि चिठ्ठीवर शिक्का मारायचा.

प्रश्न तापमानाचा होता. सकाळी सहा-सात वाजता कुसळवाडीत अठ्ठावीस अंश असतात; तेवढ्या तापमानाला विकर काम करू शकत नाही, म्हणून त्रिंबकची वेळ साडेनऊपासून ठरली. साडेदहानंतर पारा चाळीसच्या वर जातो; तेवढ्या तापमानाला विकर कामातून जातो, म्हणून कुलर घेण्यात आला. कुलरला पाणी लागतं. गावात पाणी फक्त छावणीच्या टँकरमध्ये होतं. ठराव झाला की दोन पिंपं विकराकडे वर्ग करावीत. छावणीत पाणी पाजण्याची सुरुवात फाटकाकडून होत असे आणि शेवटची दोन पिंपं ओळीच्या शेवटी पोहोचत. ओळीच्या शेवटी तांबडी बांधलेली होती.

गाडी आठला जाते आणि जोडणी साडेनऊला होते, ही अडचण जालिंदररावांच्याही लक्षात आली. त्यावर आगाऊ जोडणीचा मार्ग निघाला. काही विश्वासू सभासदांच्या पुढच्या आठवड्याच्या दुधाची जोडणी आधीच करून चिठ्ठ्या घरपोच देण्यात आल्या. विश्वासू कोण, हे निवडणुकीच्या यादीवरून ठरलं. सिंधुबाईंनी मत कुणाला दिलं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि हे चेअरमनच्या आणि विरोधी अशा दोन्ही गटांना सारखंच खटकत होतं. त्यांना चिठ्ठी मिळाली नाही.

मंगळवारी दूध परत. बुधवारी सिंधुबाई थेट त्रिंबकच्या टेबलासमोर जाऊन बसल्या आणि उन्हात दोन तास किटली ओल्या फडक्यात गुंडाळून धरली. त्रिंबक वाईट माणूस नव्हता. त्यानं दूध पाहिलं, शिक्का मारला, चिठ्ठी दिली आणि सांगितलं की हिच्यावर उद्याचं सकाळचं दूध घाला.

त्याच दुपारी विरोधी गटानं निवेदन दिलं. त्यांच्या संचालकाकडं फोनचा उतरवून घेतलेला आवाज होता, आणि त्यात संघमित्रा स्वच्छ म्हणत होत्या की काही विकर शेपूट लावतात तसे काही विकर ते काढतात, पेशीत दोन्ही कामं सारखी चालू असतात, आणि त्यामुळंच पेशी चालते. मग संस्थेत एकाच गटाचा विकर का? हा सहकाराच्या तत्त्वांचा भंग होता. आवाज तीनदा ऐकवण्यात आला. जालिंदररावांना मान्य करावं लागलं. गुरुवारी पहाटेपासून विरोधी गटाचा सटवा दुसऱ्या टेबलावर बसला. त्याच्याकडं 'काढले' असा शिक्का होता. लावणाऱ्याला ऊब लागते, काढणाऱ्याला कसलीच अट नाही, असं विरोधी गटाचं शास्त्रीय मत पडल्यामुळं त्याची वेळ पहाटे सहापासून होती.

सटवाचं टेबल दरवाजा आणि काउंटर यांच्या मधे होतं. त्याच्या कामाबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की तो त्रिंबकपेक्षा तिप्पट वेगानं काम करी. चेअरमन गटाच्या आगाऊ चिठ्ठ्या पहाटे सहाच्या आत काउंटरवर जमा होऊ लागल्या. ज्यांना हे कुणी सांगितलं नाही, ते सटवाच्या टेबलापाशी थांबले.

सिंधुबाईंची चिठ्ठी त्यानं हातात घेतली, वाचली आणि शिक्का मारला. जोडले. काढले.

सिंधुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सटवा, लहानपणी तू माझ्या दारात भाकर खायला यायचास, लेकरा."

"माहीत हाय, काकू," सटवा खाली बघत म्हणाला. "म्हणून तर शिक्का हळू मारला."

"आन माझी गाय?"

"गाय छावणीकडं येते. आमच्याकडं निस्तं शेपूट हाय."

शुक्रवारी पुन्हा तेच. त्रिंबकनं जोडलं, सटवानं काढलं. त्या दिवशी एकूण एकशे नऊ जोडण्या आणि एकशे सात काढण्या झाल्या. संघाकडं गेलेल्या दैनिक अहवालात हे काम 'समाधानकारक' या सदरात दाखवण्यात आलं. उरलेल्या दोन जोडण्या सटवा चहाला गेला असताना झाल्या होत्या. त्याबद्दल त्याला ताकीद मिळाली.

तांबडीनं शुक्रवारी दोन लिटरच दूध दिलं. पाणी कमी पडत होतं.

शनिवारी सकाळी संघमित्रा कुसळवाडीत आल्या. आईचा डोळा तपासून घ्यायला त्या नांदूरघाटला आल्या होत्या आणि तिथं एसटी स्टँडवर त्यांना दोन अनोळखी माणसांनी विचारलं होतं की तुम्हीच का त्या जोडणीवाल्या बाई. त्यांनी दोन्ही टेबलं पाहिली, कुलर पाहिला, भिंतीवरचा जोडणी-काढणीचा तक्ता पाहिला. त्यातले आकडे बरोबर होते. मग त्या जालिंदररावांसमोर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या की तुम्ही हे थांबवा, दुधाला याची गरज नाही.

"गरज आमालाबी न्हवती, बाई," जालिंदरराव म्हणाले. "तुमी येऊन गेल्यावर पडली. आता अडतीस गावांचं जोडलेलं निघालं. आमचं एकट्याचं सुटं ठेवून मी तालुक्याला तोंड कसं दाखवू?"

"त्यांचंही जोडलेलं नाही. कुणाचंच नसतं."

"तसं त्यांनी लिहून कुठं दिलंय?"

संघमित्रांनी स्वतः लिहून दिलं: दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं ही निसर्गतःच वेगळी असतात, हा दोष नाही. कचरू यांनी कागद दोनदा वाचला आणि लाल पेन उचललं. 'दोष नाही' हे त्यांनी इतक्या वर्षांत कुठल्याही कागदावर पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं ते वाक्य त्यांना अपुरं वाटलं. 'निसर्गतःच वेगळी' हे मात्र कामाचं होतं, कारण त्यातून जबाबदार कोण ते ठरत होतं. दोष क्रमांक पंधरा तिथंच लिहिला गेला आणि समोर शेरा पडला: 'निसर्गाकडून खुलासा मागवावा. पावसाबाबत गतवर्षी मागवलेला खुलासा अद्याप अप्राप्त आहे.'

संघमित्रा बाहेर आल्या तेव्हा सिंधुबाई ओट्यावर बसल्या होत्या. सहावा दिवस होता. सिंधुबाईंना पेशी, काठ, शेपूट यातलं काही नको होतं. त्यांनी विचारलं, तुझ्या सहीला हे लोक मानतात का. संघमित्रा म्हणाल्या, मानतात, पण मी लिहिलेलं वाचत नाहीत.

"मग ते वाचतील असं लिही की, बाय. लिही, जोडलेलं हाय."

"ते खोटं आहे, मावशी."

"मला कुठं शाळा शिकायचीय? उद्या सांजच्याला गाय सोडतेत. तुझं खोटं एका वळीचं हाय."

संघमित्रांनी चौदा वर्षांच्या नोकरीत एकही आकडा सरकवला नव्हता. प्रयोग फसला तर फसला असं लिहिलं होतं आणि त्यापायी एकदा बढतीही गमावली होती. त्या सिंधुबाईंशेजारी ओट्यावर बसल्या. समोर छावणीचं फाटक दिसत होतं, आणि फाटकाच्या आत जनावरांची ओळ. तिचं टोक इथून दिसत नव्हतं. मग त्या पुन्हा आत गेल्या आणि संस्थेच्या कागदावर लिहिलं: 'कुसळवाडी येथील सिंधुबाई यांच्या दुधातील फॅट प्रोटीनला जोडलेले आहे.' खाली सही केली, पदवी लिहिली, तारीख घातली.

कचरू यांनी कागद वाचला. त्यात एकही 'नाही' नव्हतं. इतक्या वर्षांत असा निर्दोष कागद त्यांच्या हाती आला नव्हता. ते उठून उभे राहिले.

एवढा महत्त्वाचा कागद गावात ठेवणं कुणालाच पटलं नाही. जालिंदररावांनी तो त्याच दुपारी खास माणूस पाठवून संघाकडे जमा केला. संघानं त्यातून सिंधुबाईंचं नाव वगळलं, कारण एका सभासदाचा उल्लेख केल्यानं बाकीच्यांवर अन्याय झाला असता. रविवारी सकाळी शहरातल्या वर्तमानपत्रांत पाव पानाची जाहिरात आली: 'जोडलेलं दूध. शास्त्रज्ञांनी प्रमाणित केलेलं. आता सुटं दूध कशाला?' पिशवी तीच होती, दूध तेच होतं. सकाळी नऊपर्यंत शहरातल्या निम्म्या दुकानांतला माल संपला. ज्यांना मिळाला नाही, त्यांनी जाहिरातीखालचा नंबर फिरवला. तो नंबर संघानं, दुधाचं मूळ गाव म्हणून, जालिंदररावांचा दिला होता.

रविवारी सकाळी सिंधुबाई दूध घेऊन आल्या. दीड लिटर होतं. कचरूंनी अदबीनं प्रमाणपत्राची मूळ प्रत मागितली. सिंधुबाईंनी सांगितलं की ती तुमीच काल नेली. कचरू म्हणाले, ते बरोबर हाय. पर नेलेली प्रत जमा झाली, सादर झाली न्हाई. दूध परत केलं.

संघमित्रा संघाच्या कार्यालयात जाऊन आल्या. रविवार असल्यानं ते बंद होतं. त्या परत आल्या आणि सिंधुबाईंबरोबर छावणीच्या फाटकापाशी उभ्या राहिल्या. छावणीचा मुकादम आश्रुबा यानं पाच वाजता यादी काढली आणि ओळीच्या टोकाला जाऊन तांबडीच्या दाव्याची गाठ सैल करून ठेवली. सोडली नाही. त्याला गाईला बाहेर काढायचं नव्हतं, आणि तसं त्यानं बोलूनही दाखवलं. पण यादीतलं नाव राखायचा अधिकार चेअरमनचा होता. चेअरमननं नुसतं 'राहू दे' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

सव्वापाचला संघमित्रा संस्थेच्या कार्यालयात गेल्या. जालिंदरराव फोनवर होते. सकाळपासून त्यांनी तीनशे बारा फोन घेतले होते. कचरूंनी प्रत्येकाची नोंद ठेवली होती: दूध कुठं मिळेल, तूप निघतं का, लहान मुलांना चालतं का, दरमहा रतीब लावता येईल का. कशाला काय जोडलंय, हे विचारणारा त्यात एकही नव्हता.

जालिंदररावांनी हातानं थांबा म्हणून खूण केली. पलीकडं शहरातले एक गृहस्थ होते आणि ते सविस्तर बोलणारे होते. आजवर आपण सुटं दूध पीत आलो याचा त्यांना मनस्ताप झाला होता. त्याचे परिणाम काय झाले असतील, ते आता भरून येतील का, आणि या फसवणुकीबद्दल तक्रार कुठं करायची, हे त्यांना क्रमानं जाणून घ्यायचं होतं. जालिंदररावांनी दोनदा फोन ठेवण्याचा प्रयत्न केला. ग्राहकाचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्यावं, अशी संघाची लेखी सूचना होती.

पाच पन्नासला सिंधुबाई ओळीच्या टोकाशी जाऊन गाईच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आश्रुबानं घड्याळ काढून खिशात ठेवलं; मग पुन्हा बाहेर काढलं.

गृहस्थांनी आपलं नाव सांगितलं नाही. आपण सुशिक्षित आहोत, छापून आलेलं सगळं नीट वाचतो, हाती घेतलेला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत सोडत नाही, एवढं त्यांनी आवर्जून सांगितलं. पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ते बोलत होते.